टीएसएच म्हणजे हाक, टी४ म्हणजे ओ: थायरॉइड तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेली चोवीस वर्षं बायोकेमिस्ट्रीचं काम बघते. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवरच पाकीट उघडतात, ठळक अक्षरात छापलेला आकडा शोधतात आणि विचारतात, "मॅडम, हे काय आलंय?" औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, त्यात मी पडत नाही. पण तो आकडा शरीरात कसा तयार होतो, यंत्रात कसा मोजला जातो आणि कुठे फसवू शकतो, हे नीट सांगणं माझं कामच आहे. काउंटरवर तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

"मला थायरॉइड आहे" असं सगळे म्हणतात. म्हणजे नक्की काय असतं?

थायरॉइड सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली पंधरा-वीस ग्रॅमची ही ग्रंथी आहे. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल आणि जेवणातलं आयोडीन जोडून ती दोन हार्मोन बनवते. चार आयोडीन अणूंचं ते टी४ आणि तीन अणूंचं ते टी३. आजार असतो तो ही हार्मोन कमी पडल्याचा किंवा जास्त झाल्याचा. एकाच दिवशी एकीचा टीएसएच (तो काय ते पुढच्याच प्रश्नात) ४० येतो आणि दुसरीचा ०.०१, आणि बाहेर पडताना दोघीही घरी फोन करून सांगतात, "थायरॉइड निघाला." एकीची ग्रंथी थकलेली असते, दुसरीची सुसाट सुटलेली. म्हणून डॉक्टरांना विचारताना "कमी की जास्त?" हे आधी विचारून घ्या.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन ना? मग ते वाढलं तर थायरॉइड कमी कसा?

हा प्रश्न रोज येतो आणि गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. शेताच्या बांधावरून कुणी दूरच्या माणसाला हाक मारतं, तसं. समोरून पटकन ओ आली तर आवाज चढवावा लागत नाही. ओ आली नाही, तर हाक मोठी होत जाते. टीएसएच ही पिट्युटरीची हाक आणि टी४ ही थायरॉइडची ओ. टीएसएच १५ आला याचा अर्थ पिट्युटरी ओरडते आहे, कारण थायरॉइडकडून पुरेशी ओ येत नाही.

रक्तातलं टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होत नाही, ते शंभरपटीपर्यंत चढू शकतं. ग्रंथी जराशी मंदावली, टी४ अजून नॉर्मल रेषेच्या आतच आहे, तरी हाक केव्हाच चढलेली असते. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा टीएसएचच लिहून देतात.

पिट्युटरीलाही वरून सांगणारं कुणीतरी आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून टीआरएच नावाचा संदेश येतो. अवघ्या तीन अमिनो आम्लांचा हा रेणू शोधायला अँड्रू शॅली यांनी डुकरांच्या आणि रॉजर गिलेमाँ यांनी मेंढ्यांच्या मेंदूंतले लाखो हायपोथॅलॅमस गोळा केले. हाती आलं ते काही मिलिग्रॅम. त्याची रचना १९६९ मध्ये ठरली आणि १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या वर्षीच्या नोबेलची तिसरी मानकरी आपल्या तपासणीशी जास्त जवळची आहे, तिच्याबद्दल पुढे.

ही हाक पेशीला "ऐकू" कशी येते? टीएसएच पेशीच्या आत जातं का?

नाही, आणि मला या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. टीएसएच हे मोठं, साखरेच्या साखळ्या चिकटलेलं प्रथिन आहे, ते पेशीच्या आवरणातून आत शिरूच शकत नाही. ते दाराशी थांबतं. दारावर त्याच्याच मापाचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. टीएसएच त्याला चिकटलं की आवरणाच्या आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला कामाला लावतं, आणि ते एन्झाइम एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूपासून चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू तयार करू लागतं. हा रेणू पेशीभर पसरतो, प्रोटीन कायनेज-ए नावाचं एन्झाइम चालू करतो, आणि मग आयोडीन आत ओढणं, हार्मोन बांधणं, ते रक्तात सोडणं ही कामं वेग घेतात. दाराशी आलेला पाहुणा एकच, पण घरात निरोप पोचवणारी मुलं हजारो. एका रेणूच्या हाकेचं एवढं मोठं काम त्यामुळेच होतं.

हे कळलं कसं? अर्ल सदरलँड अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १९५० च्या दशकात यकृतावर काम करत होते. अ‍ॅड्रेनलिन दिलं की यकृतातून साखर सुटते, हे माहीत होतं. त्या काळी हार्मोनचा परिणाम बघायला पेशी अखंड लागते असं मानलं जायचं. सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी यकृत वाटून त्याचा लगदा केला, तरीही परिणाम दिसला. मग तो लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून आवरणाचे तुकडे वेगळे काढले, तर परिणाम गायब झाला. नुसत्या त्या तुकड्यांवर अ‍ॅड्रेनलिन घातलं, त्यातून आलेला द्रव उकळला आणि उरलेल्या भागात मिसळला, तर परिणाम परत आला! म्हणजे हार्मोनने आवरणापाशी असं काहीतरी बनवलं होतं, जे उकळूनही टिकलं. ते होतं चक्रीय एएमपी. हार्मोन हा पहिला निरोप्या आणि हा दुसरा. सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल मिळालं. मधल्या जी-प्रथिनासाठी मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ मध्ये. सेंट्रिफ्यूज मी रोज शंभरदा लावते, आणि एवढी मोठी गोष्ट त्या फिरण्यातून कळली याचं मला अजून अप्रूप आहे.

मग टी४ पण दारातच थांबतं का?

नाही, त्याची रीत वेगळी. टी४ आणि टी३ लहान असतात, आवरणातल्या खास वाहक प्रथिनांच्या मदतीने ते पेशीत शिरतात. थायरॉइड मुख्यतः टी४ सोडतं. यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा ठिकाणी त्याचा एक आयोडीन अणू काढून टी३ केलं जातं, आणि खरं काम टी३ करतं. हे करणाऱ्या एन्झाइमांना सेलेनियम लागतं. टी३ थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन तिथल्या ग्राहकाला चिकटतं आणि कोणती जनुकं किती वाचायची हे बदलतं. हे ग्राहक १९८६ मध्ये ओळखले गेले.

अ‍ॅड्रेनलिनने छाती काही सेकंदांत धडधडते, पण थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर आठ दिवसांत फरक दिसत नाही, तो या कामाच्या पद्धतीमुळे. जनुक वाचायचं, प्रथिन बनायचं, साठायचं, याला दिवस लागतात. शिवाय टी४ रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं, म्हणून नव्या डोसची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. डोस बदलून पंधरा दिवसांत टीएसएच करून घेऊ नका. पैसे जातात आणि अर्धवट आकडा बघून डोस उगीच पुन्हा बदलला जातो. सहा ते आठ आठवडे थांबा.

माझा टीएसएच ०.०१ आहे. हाकच नाही, मग ग्रंथी एवढं काम कुणाच्या सांगण्यावरून करते?

खोट्या हाकेवरून. ग्रेव्हज नावाच्या आजारात शरीर अशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं की त्या टीएसएचच्याच ग्राहकाला चिकटून दार वाजवत राहतात. पिट्युटरी गप्प बसलेली असते, कारण रक्तात टी४ भरपूर दिसतंय. न्यूझीलंडच्या डनिडन शहरात डंकन अ‍ॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्ह्ज यांनी १९५६ मध्ये अशा रुग्णांचा सीरम (गोठलेल्या रक्तावरचा निवळ द्रव) गिनीपिगना टोचला आणि त्यांच्या लक्षात आलं की याचा परिणाम टीएसएचपेक्षा खूप उशिरापर्यंत टिकतो. म्हणजे हे टीएसएच नव्हे, वेगळंच काही आहे. आज ही अँटिबॉडी टीआरएबी या नावाने मोजतात.

ग्रेव्हज हे एकमेव कारण नाही. ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन एकदम सुटलं, गोळीचा डोस जास्त झाला, तरी टीएसएच असाच तळाला जातो.

एवढंसं हार्मोन रक्तात मोजता तरी कसं?

एक मिलिलिटर रक्तात मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, टी४ असतं साधारण ८ ते १८ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. साखर मोजतात त्या साध्या रंगाच्या अभिक्रियेने हे दिसणं अशक्य.

मघाशी म्हटलेली तिसरी मानकरी म्हणजे रोझलिन यॅलो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ती आणि डॉ. सॉलोमन बर्सन एकत्र काम करायचे. यॅलो भौतिकशास्त्राची, बर्सन वैद्यकाचे. किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन मधुमेह्यांना टोचलं, तर ज्यांनी आधी इन्सुलिन घेतलं होतं त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळत होतं. त्यांनी निष्कर्ष काढला की इन्सुलिनला अँटिबॉडी चिकटते आहे. नियतकालिकाने तो निबंध नाकारला, इन्सुलिनसारख्या लहान प्रथिनाला अँटिबॉडी होत नाही म्हणून. नकाराचं ते पत्र यॅलोने जपून ठेवलं आणि नोबेलच्या व्याख्यानात दाखवलं. पुढे दोघांनी तोच विचार उलटा केला. अँटिबॉडी मोजकी ठेवायची, खुणेचं किरणोत्सारी हार्मोन ठरावीक घालायचं आणि रुग्णाचं रक्त त्यात मिसळायचं. रुग्णाचं हार्मोन जितकं जास्त, तितकी खुणेच्या हार्मोनला जागा कमी. एसटीत जागा मोजक्या असल्या की होतं, तसंच. ही रेडिओइम्युनोअ‍ॅसे, आरआयए. पद्धतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले आणि नोबेल मृत व्यक्तीला देत नाहीत, म्हणून १९७७ चं पारितोषिक यॅलोला बर्सन यांच्याविना स्वीकारावं लागलं. तिने प्रयोगशाळेला बर्सन यांचं नाव दिलं होतं.

आपल्याकडे थायरॉइडच्या किरणोत्सारी आयोडीनच्या कामात मोठं नाव म्हणजे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये सुरू केलेलं. आरआयएच्या देशी किट वाशीहून ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून यायच्या. मी शिकत होते तेव्हा याच किटवर हात बसवला. नळ्यांची रांग, मायक्रोपिपेटचा टक-टक आवाज, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचा द्रव ओतून नळी उलटी टिपकागदावर ठेवायची आणि तळाचा न दिसणारा थर हलू द्यायचा नाही. मग एकेक नळी गॅमा काउंटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात. पन्नास नमुने जमेपर्यंत बॅच लावता येत नसे, त्यामुळे रिपोर्ट आठवड्याने मिळायचा. आणि त्या काळच्या जुन्या आरआयएला टीएसएच १ च्या खाली नीट दिसत नसे. "कमी" आणि "नॉर्मल" वेगळं काढायला टीआरएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घ्यावं लागायचं.

आता केमिल्युमिनेसन्सची यंत्रं आहेत. टीएसएचला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडी धरतात, सँडविच होतं. एकीला चुंबकीय कण, दुसरीला प्रकाश देणारं रसायन. चुंबकाने कण धरून ठेवायचे, बाकीचं धुऊन टाकायचं, उरलेला प्रकाश मोजायचा. सुमारे अर्ध्या तासात आकडा, आणि तोही ०.०१-०.०२ पर्यंत भरवशाचा.

केसांसाठी बायोटिन घेते. तपासणीच्या आधी सांगायला हवं का?

हो. कृपया सांगा. आम्ही विचारलं नाही तरी सांगा.

काही वर्षांपूर्वी पस्तिशीच्या एक ताई आल्या. एका मोठ्या शहरातल्या लॅबचा रिपोर्ट हातात होता, टीएसएच ०.०३, मोकळं टी४ जवळपास दुप्पट. घरचे घाबरलेले, थायरॉइड जास्त झाल्याच्या गोळ्या सुरू करायचं चाललेलं. त्यांच्या डॉक्टरांना मात्र पटत नव्हतं. नाडी ७२, हाताला कंप नाही, वजन उतरलेलं नाही. त्यांनी पुन्हा तपासणीसाठी आमच्याकडे पाठवलं. रक्त काढताना मी त्यांचा तळहात धरला, तो कोरडा आणि थंड होता. टी४ एवढं चढलेल्या माणसाचा हात गरम आणि ओलसर लागतो. विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" म्हणाल्या, "नाही." शेजारची मुलगी म्हणाली, "आई, ती केसांची?" पर्समधून डबी निघाली, रोज १० मिलिग्रॅम बायोटिन. "ते औषध नाही हो, व्हिटॅमिन आहे," असं त्या म्हणाल्या, आणि घेणारे सगळे असंच समजतात. डॉक्टरांशी बोलून चार दिवस ती गोळी बंद ठेवली आणि पुन्हा रक्त घेतलं. टीएसएच २.१, टी४ नॉर्मल.

झालं असं होतं: बऱ्याच यंत्रांत अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं आणि कणांवर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन. हे दोघे एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून ते सँडविच पकडायला वापरतात. रक्तातच भरमसाट बायोटिन असलं की ते आधी जागा पटकावतं, सँडविच धुऊन जातं, प्रकाश कमी पडतो. टीएसएचच्या तपासणीत कमी प्रकाश म्हणजे कमी टीएसएच. पण टी४ ची तपासणी स्पर्धेची, आरआयएसारखी, तिथे कमी प्रकाश म्हणजे जास्त टी४. दोन्ही चुका मिळून हुबेहूब ग्रेव्हजचं चित्र उभं राहतं. शरीराला बायोटिन दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं, त्या गोळीत त्याच्या तीनशेपटीहून जास्त होतं.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचा आकडा बायोटिनमुळे खोटा कमी आल्याचा आणि रुग्ण दगावल्याचा उल्लेख होता. सगळ्या कंपन्यांची यंत्रं या पद्धतीवर चालत नाहीत, काहींनी ती सुधारलीही आहेत. तरी केस-त्वचा-नखांची कोणतीही गोळी असेल तर किमान दोन दिवस आधी थांबवा, डोस मोठा असेल तर जास्त दिवस, आणि लॅबला सांगा. त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर "केसांसाठी काही घेता का?" असा वेगळाच रकाना आहे. "औषधं कोणती?" या प्रश्नाला कुणीही बायोटिन सांगत नाही.

उपाशी पोटी यायचं का? सकाळची गोळी घेऊन यायचं का?

टीएसएचला उपास लागत नाही. पण टीएसएच रात्री-पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, त्यामुळे दर वेळी साधारण एकाच वेळेला, शक्यतो सकाळी, या. थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर मोकळं टी४ थोडं चढलेलं दिसतं.

गोळीचं मात्र नीट पाळा. उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. "डोस वाढवतच चाललेत, टीएसएच उतरतच नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी चहाचं विचारते. दहातल्या तिघी-चौघी तरी गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत असतात.

दोन लॅबमध्ये दोन आकडे आले. एक लॅब खोटी का?

बहुतेक वेळा कुणीच खोटं नसतं. कंपन्यांच्या अँटिबॉडी वेगळ्या, त्यामुळे थोडा फरक पडतोच. त्याहून मोठा फरक तुमच्या शरीरातच असतो. तब्येत तशीच असताना एकाच माणसाचा टीएसएच ४० ते ५० टक्क्यांपर्यंत खाली-वर होऊ शकतो. ३.१ चा ४.२ झाला म्हणून काही बिघडलं असं नाही. १ चा ८ झाला तर झालं. पाठपुरावा एकाच लॅबमध्ये, एकाच वेळेला करा.

४.८ आलाय आणि रेंज ४.० पर्यंतच लिहिली आहे. गोळी सुरू करायची?

आधी ही रेंज येते कुठून ते बघा. निरोगी माणसं घेतात, किमान १२० तरी, त्यांचे आकडे ओळीने मांडतात आणि मधले ९५ टक्के ठेवतात. म्हणजे व्याख्येनेच वीसातला एक निरोगी माणूस रेंजच्या बाहेर पडणार. संगणक त्याचाही आकडा ठळक छापणार. ठळक अक्षर संगणकाने केलेलं असतं, त्याला तुमचं वय, तुमची तब्येत काही माहीत नसतं.

टी४ नॉर्मल आणि टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान असेल तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. बऱ्याच जणांचा तोवर आपोआप रेंजमध्ये येतो. ताप, मोठं आजारपण यातून उठताना तो तात्पुरता चढतो. वयाबरोबरही तो हळूहळू वर सरकतो, सत्तरीच्या आजोबांचा ५.५ आणि पंचविशीच्या मुलीचा ५.५ एकाच मापाने मोजू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ट्रस्ट चाचणीत पासष्टीपुढच्या ७३७ जणांना, टीएसएच थोडा वाढलेला असताना, निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी दिली. वर्षानंतर थकवा आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक नव्हता. १० च्या वर असेल, बाळ हवं असेल, अँटी-टीपीओ (थायरॉइडच्याच एका एन्झाइमविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर गणित बदलतं. ते डॉक्टरांशी बोला.

गरोदरपणात टीएसएच एकदम कमी आला. काळजीचं आहे का?

पहिल्या तीन महिन्यांत वारेतून एचसीजी नावाचं हार्मोन जोरात येतं. त्याचा एक अर्धा भाग, अल्फा साखळी, टीएसएचच्या अल्फा साखळीसारखाच असतो, त्यामुळे ते थायरॉइडच्या दाराची कडी थोडी वाजवतं. टी४ किंचित वाढतं आणि टीएसएच उतरतं. बऱ्याचदा हे साहजिक असतं. म्हणून गरोदर बाईच्या रिपोर्टवर त्या तिमाहीची रेंज बघायची, नेहमीची नाही. फॉर्मवर किती आठवडे झालेत ते लिहायला विसरू नका. उलट टीएसएच वाढलेला असेल तर वेळ घालवू नका. पहिल्या काही महिन्यांत बाळ आईच्याच टी४ वर अवलंबून असतं.

फक्त टीएसएच केलं तर चालेल ना? स्वस्त पडतं.

बहुतेकांना चालतं. पण हाक मारणाराच आजारी असेल तर हाकेवरून काही कळत नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाल्यावर पिट्युटरीला इजा होऊ शकते. मग दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, बाई वर्षानुवर्षं थकलेली राहते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. टीएसएच नॉर्मल किंवा नॉर्मलच्या आसपास दिसतो आणि मोकळं टी४ मात्र खाली असतं. नुसता टीएसएच बघून "तुमचं सगळं ठीक आहे" असं सांगून अशा बाईला घरी पाठवलं जातं. बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का, दूध आलं होतं का, हे दोन प्रश्न डॉक्टरांपुढे तुम्ही स्वतः काढा.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते याच्यासाठी?

हो, आणि कुणी नको म्हणत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, घेऊ द्या. जन्मतः थायरॉइड नसलेलं किंवा काम न करणारं बाळ जन्मल्यावर अगदी छान दिसतं, कारण आईचं टी४ त्याच्याकडे आलेलं असतं. लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि ते भरून निघत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं. रोज सकाळी एक स्वस्त गोळी, बस. टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून ही तपासणी करायची कल्पना कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ दुसो यांनी १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. आपल्याकडे गोव्यात २००८ पासून सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली होती.

जन्मताच टीएसएच एकदम उसळतो, म्हणून नमुना ४८ ते ७२ तासांनी घेतात. बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जात असेल तर परत कधी आणायचं ते विचारून घ्या.

थायरॉइड आहे म्हणून आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव सुरू केलंय. बरोबर ना?

सरसकट नाही. बाजारातलं सैंधव बहुतेक वेळा आयोडीनयुक्त नसतं, पाकिटावर वाचून बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं असा नियम आहे. घरातल्या एकाच्या गोळीपायी सगळ्या घराचं मीठ बदललं, आणि त्यात सून गरोदर असली, तर नुकसान तिच्या बाळाचं होतं.

मीठ हे औषध आहे हे आपल्या देशाने स्वतः सिद्ध केलेलं आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, मधल्याला साधं. काही वर्षांत त्या दोन भागांतल्या मुलांचे गलगंड झपाट्याने कमी झाले, मधल्या भागात नाही. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम याच कामावर उभा राहिला. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराआधी काही दिवस आयोडीन कमी करायला सांगतात, ती वेगळी गोष्ट. तसं डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मिठाचा डबा आहे तसाच ठेवा, झाकण घट्ट लावून.

तुमचं यंत्र बरोबर आकडा देतंय हे तुम्हाला कसं कळतं?

सकाळी साडेसातला, पहिल्या रुग्णाच्या आधी, आम्ही कंट्रोल लावतो. ज्याचं उत्तर माहीत आहे असा सीरम, एक कमी पातळीचा, एक जास्त. आलेले आकडे तक्त्यावर टिंबाने मांडतो. टिंब मधल्या रेषेच्या आसपास नाचत राहिलं तर ठीक. सलग सहा-सात दिवस एकाच बाजूला सरकत गेलं, तर मर्यादेच्या आत असूनही मी थांबते. रसायन जुनं होतंय, दिवा मंदावतोय, काहीतरी आहे. कंट्रोल बाहेर गेला तर रिपोर्ट सुटत नाहीत. कितीही फोन आले तरी. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेतून दर महिन्याला एक नमुना येतो, ज्याचं उत्तर आम्हाला माहीत नसतं. आमचा आकडा पाठवायचा आणि देशभरातल्या लॅबच्या तुलनेत आपण कुठे बसतो ते बघायचं. तुमच्या लॅबला विचारा, "तुम्ही बाहेरच्या गुणवत्ता योजनेत आहात का?" चांगली लॅब या प्रश्नाने रागावत नाही, कागद काढून दाखवते.

अँटी-टीपीओ दरवर्षी करायची का?

नाही. ही अँटिबॉडी एकदा पॉझिटिव्ह आली की आजाराचं कारण कळलं. ती ३०० ची २०० झाली की ६०० झाली यावरून गोळीचा डोस ठरत नाही. तेवढे पैसे वाचवा.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

जुने सगळे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने. चालू गोळ्यांची डबी, केसांची आणि "नुसत्या व्हिटॅमिनची" सुद्धा. गोळी किती वाजता घेता आणि चहा किती वाजता, हे कागदावर लिहून.